माया गांगुर्डेंनी मागे घेतलेला पेपर

ठाण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माया गांगुर्डेंच्या नावापुढे इंटरनेटवर दोन विषय दिसायचे: खगोलशास्त्र आणि आरोग्य. लोक विचारायचे, मॅडम, ताऱ्यांचा आणि खोकल्याचा काय संबंध? बाई म्हणायच्या, "दोन्हीकडे बारीक ठिपके मोजायचे असतात. बाकीचं लोक उगाच अवघड करून सांगतात."

आणि तसंच झालं होतं. पीएचडीला त्यांनी दुर्बिणीच्या फोटोंतले अंधुक तारे मोजणारा प्रोग्राम लिहिला. त्यावर नऊ पेपर झाले, पण ते वाचणार कोण? दुसऱ्या संशोधकांनी आपल्या पेपरांत दाखले दिले ते सगळे मिळून साठ. मग एकदा शहाडला आईला, मंजुळाबाईंना, खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं, तर तिथला तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून थुंकीच्या नमुन्यातले क्षयाचे जंतू मोजत बसलेला. बाईंना वाटलं, अरे, हे तर माझंच काम. कल्याण-डोंबिवलीकडच्या दवाखान्यांतून चारशे बारा स्लाइडचे फोटो जमवले, काहींवर प्रोग्रामला शिकवलं, उरलेल्यांवर तपासलं. शंभरात शहाण्णव बरोबर! त्या एका पेपरचे दाखले तीनशे चाळीसवर गेले. वर्तकनगरच्या बौद्धवाड्यात सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. बाई लाजल्या, पण शाल घरी आणून दोनदा उघडून बघितली. का बघू नये? कष्टाची होती.

प्रोफेसरपदाची मुलाखत आठ दिवसांवर आली होती. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, म्हणजे ही शेवटचीच संधी, आणि सगळी भिस्त त्या तीनशे चाळिसांवर. त्याच आठवड्यात बाई प्रोग्राम दाखवायला कोलशेतच्या दवाखान्यात गेल्या. तिथली तंत्रज्ञ दक्षता, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली पोरगी, बोलायला एकदम फटकळ. स्क्रीनवरचे फोटो बघून म्हणाली, "मॅडम, हे दोन पेशंट वेगळे का लिहिलेत? हा एकच माणूस आहे. एक नमुना आल्या आल्या घेतलेला, दुसरा सकाळी उठल्यावरचा. आम्ही दोन घेतोच."

बाईंना चूक तिथंच कळली. आकाशाचा एकच तुकडा दोनदा टिपला की खगोलवाले त्याला दोन निरीक्षणं म्हणतात. त्याच सवयीनं बाईंनी चारशे बारा स्लाइड म्हणजे चारशे बारा माणसं धरली होती. ती होती दोनशे सहा. माणसाच्या एका स्लाइडवर प्रोग्राम शिकला आणि त्याच माणसाच्या दुसऱ्या स्लाइडवर त्याची परीक्षा! प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली. रविवारी बाईंनी सगळं नव्यानं मोजलं. शहाण्णवाचे एकोणऐंशी झाले.

नवरा रवींद्र पोस्टातून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "अगं, सांग ना, नको कोण म्हणतंय? पण मुलाखतीनंतर सांग. आठ दिवसांनी आकाश कोसळणार आहे का?"

"या आठ दिवसांत कुणी तो प्रोग्राम वापरला तर?"

"म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घ्यायचा."

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. रडू येत होतं. तरी सोमवारी सकाळी त्यांनी नियतकालिकाला कळवलं: पेपर मागे घ्या, चूक माझी आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच पेपरवर आला, तेव्हा चूक कशी झाली ते सरळ सांगून मोकळ्या झाल्या. पद दुसऱ्याला मिळालं. मला विचाराल तर त्या खोलीत प्रोफेसर म्हणावं असं एकच माणूस होतं, पण मला विचारतो कोण?

रवींद्र महिनाभर धुसफुसत राहिला. बाई मात्र कामाला लागल्या. ज्या तीनशे चाळीस जागी त्या पेपरचा दाखला होता, तिथल्या प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं: हे वापरू नका, वापरलं असेल तर स्लाइड पुन्हा तपासा. बहुतेकांनी पोचसुद्धा दिली नाही.

तिसऱ्या महिन्यात दूरच्या एका छोट्या इस्पितळातल्या डॉक्टरांचं उत्तर ईमेलनं आलं. प्रोग्रामनं जंतू नाहीत म्हटल्यावर घरी पाठवलेले एकतीस जण त्यांनी परत बोलावले होते. तिघांना क्षय निघाला. औषधं सुरू झाली होती.

बाई स्वयंपाकघरात खाली बसल्या. आपल्यामुळे तीन माणसं खोकत घरी गेली याची शरम, आणि ती सापडली याचा आनंद, दोन्ही एकदमच आलं. रवींद्रनं फोन हातातून घेतला, उभ्यानं वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. मग खुर्ची ओढून शेजारी बसला.

"उत्तर न देणाऱ्यांची यादी काढ," तो म्हणाला. "त्यांना पुन्हा लिहू. पत्ते मी शोधतो."