वारसा आणि बघू

आमच्या सिल्वासातल्या कारखान्यात इलेक्ट्रिक गिटार बनायच्या. नाव परदेशी आणि जुनं, कामगार निम्मे खानदेशातले. मी नाशिकचा, प्रॉडक्शन मॅनेजर. गिटार वाजवता मला येत नाही, नानांनाही येत नसे. नाना म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारागीर. गिटारच्या मानेवर ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांची टोकं ते कानशीने अशी घासत, की वाजवणाऱ्याचं बोट कुठे अडकू नये. घासून झालं की डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचे. मी मशीनवर तपासायचो. नानांची चूक मशीनला क्वचितच सापडली.

मग तो ब्रँड विकला गेला. नव्या मालकांचा माणूस येऊन अर्धा तास इंग्रजीत बोलला, वाक्यागणिक हेरिटेज. कामगारांना समजावून सांगायचं काम माझं. मी म्हणालो, “नवे मालक आपला वारसा पुढे चालवणार आहेत.” टाळ्या पडल्या. माझ्या मराठीचा मला जरा माजच आहे, त्यामुळे मीही खूश झालो.

दुसऱ्या दिवशी नाना मुलीचा आयटीआयचा मूळ दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून केबिनमध्ये आले.

“साहेब, वारसामा पोरनं नाव लिखी ल्या.”

त्यांच्या मेहुण्याला गावाकडे नगरपालिकेत बापाच्या जागी नोकरी लागली होती, वारसा हक्काने. नानांना ठाऊक असलेला वारसा तो. खरं तर कामाचा वारसा तोच.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की इथे असलं काही नसतं. पण हस्तांतरापूर्वी एक मोठी ऑर्डर पुरी करायची होती आणि नाना हिरमुसले तर ती अडली असती. मी दाखला खणात ठेवला आणि म्हणालो, “बघू.” साहेबाच्या तोंडी बघू म्हणजे नाही आणि मागणाऱ्याच्या कानी हो. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो शब्द वापरला.

नाना रविवारीही यायला लागले. एकदा जेवताना त्यांनी सांगितलं, मुलीला जवळच्याच दादऱ्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं, पण इथलं पक्कं असताना कशाला, म्हणून तिला पाठवलं नाही. माझ्या हातात घास होता. तो मी खाल्ला आणि म्हणालो, भाजीत मीठ कमी आहे. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

ऑर्डर वेळेत गेली आणि पाठोपाठ पत्र आलं. मालकांनी फक्त नाव विकत घेतलं होतं, गिटार आता दुसऱ्या देशात बनणार होत्या. याची कुणकुण मला होतीच. गरज सरो, वैद्य मरो. मला मात्र कागदपत्रं आवरायला म्हणून ठेवून घेतलं.

नाना दाखला न्यायला आले. मी तो खणातून काढून दिला. महिनाभर तो तिथेच पडून होता, दादऱ्याला दाखवायलाही मुलीजवळ नव्हता. नानांनी सवयीने त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. रागाचा लवलेश नव्हता, रागावले असते तर बरं झालं असतं. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, “मंग वारसानं कसं, साहेब?”

खरं सांगायची ती शेवटची संधी होती. मी म्हणालो, “बघू.”