काडतुसांना लावलेलं कुंकू

दर दसऱ्याला आमच्या घरी एकच भांडण ठरलेलं असे. कोयते, नांगर, विळी यांना हळदकुंकू लावून झालं की आई बंदुकीकडे वळे आणि बाबा आतून ओरडत, "बंदुकेक काय लावचा ता लाव. काडतुसांक हात लावू नको!"

इब्रामपूरला डोंगराच्या पायथ्याशी आमचं भाताचं शेत होतं. रानडुकरं फार, म्हणून बाबांना बंदुकीचा परवाना मिळाला होता. झाडलेली पितळी काडतुसं ते घरीच पुन्हा भरत आणि पोटच्या पोरांपेक्षा जास्त जपत. आमच्याकडच्या दमट हवेत पितळेला कळंक चढायला घामाचं एक बोट पुरतं. म्हणून काडतूस उचलायचं ते जुन्या धोतराच्या फडक्यानेच. कोरडं पुसून ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आमच्या बोलीत लातीत, जाई, सोबत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं हिरवी पडतात, म्हणून पट्टा खुंटीवर नुसता शोभेला. हे सगळं मला माहीत होतं, भावाला माहीत होतं. आईला मात्र त्यांनी कारण कधी सांगितलं नाही. नवरा ओरडला की बायकोला आपोआप कळतं, अशी त्यांची समजूत. मला अजून त्याचा राग येतो.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी श्रावणात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी डिचोलीला नोकरीला, भाऊ वास्कोला बंदरात. दसऱ्याला घरी ती दोघंच. यंदा देवाला काही कमी पडू द्यायचं नाही, असं आईने ठरवलं. तिने लात उघडली, काडतुसं पाटावर मांडली आणि एकेकाला ओलं कुंकू लावलं, वर तीर्थ शिंपडलं. खाटेवरून बाबा "ऊं, ऊं" करू लागले. त्यांना बरं वाटलं, असं समजून तिने त्यांच्याही कपाळाला कुंकू लावलं. मग सगळं तसंच ओलं लातीत भरून झाकण घट्ट लावलं.

भात पिकलं तशी आम्ही दोघं रजा काढून घरी आलो. बंदुकीच्या परवान्यावर भावाचंही नाव होतं. तिन्हीसांजेला डुकरं शेतात उतरली आणि भावाने मांगरात, शेतातल्या खोपटात, लात उघडली. काडतुसांवर हिरवेकाळे पोपडे धरले होते. पहिलं कसंबसं आत गेलं, पण घोडा नुसता टकटकला. दुसरं नळीत अर्ध्यावरच रुतलं. आम्ही डबे बडवले, घसा फुटेस्तोवर ओरडलो. डुकरं ढिम्म हलली नाहीत. वर्षाचं भात डोळ्यांदेखत चिखलात गेलं. घरी बाबा खाटेवर बार ऐकायची वाट बघत पडले होते.

भावाने लात आणून खाटेशी आदळली. "ह्येंका पाणी कोणी लायला?"

"कुंकू लायलंय मी," आई बाबांकडे बोट दाखवून म्हणाली. "तेंका बरां वाटांदे म्हणून."

भावाने एक हिरवंकाळं काडतूस तिच्यापुढे धरलं. मग तिच्या ध्यानात आलं. ती खाली बसली आणि एकेक काडतूस उघड्या बोटांनी खरवडू लागली. बाबांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. मला वाटलं, आता झिडकारतील. त्यांनी तिच्या पदराचं टोक ओढलं आणि तिची बोटं आणि पितळ यांच्यामध्ये हळूच सारलं.

आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"आता सांगतास तुमी?" ती म्हणाली.