फेरवाली अक्का आणि ज्वारीची धाटं

फेरवाली अक्काचं कोपर फार लागायचं. नागपंचमीच्या फेरात कुणी तिच्या अंगावर आलं की धरलेला हात न सोडता ती कोपर बरगडीत मारायची. "म्हशी, गोठ्यात हायस व्हय?" म्हणायची. मागे न बघता तिला कळायचं, कोण जवळ सरकलं, कोण लांब राहिलं.

लग्न होऊन जनवाड्याहून मी या गावात आले, तेव्हा चारचौघींत माझं तोंड उघडत नसे. बायका मला भिंतीला बसवून ठेवत. अक्कानं मला ओढून उभी केली. "तोंड न्हाई तर न्हाई, पाय हायती न्हवं? चल." तेवढंच तिचं कौतुक.

कोरोनाच्या साली पंचायतीनं दवंडी दिली, कुणी कुणाला शिवायचं नाही, लांब राहायचं. बायका घरी बसल्या. अक्कानं कडब्यातून ज्वारीची लांब लांब धाटं निवडली. दोघींच्या मध्ये एक धाट, एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. "जवळ आलीस तर वाकंल, ओढलीस तर मोडंल. मला धाट सरळ दिसलं पायजे." आधी मोडक्या धाटांचा ढीग पडला आणि अक्काच्या शिव्यांचाही. मग जमलं. पंचमीला चावडीपुढे आम्ही एकमेकींना न शिवता नाचलो.

आठवड्यानं दुकानदाराची सून तापली. बिदरच्या दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. तिचा नवरा पंचमीच्या आदल्या दिवशी हैदराबादहून माल घेऊन आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गावात दुकान एकच. अक्का विधवा, मागेपुढे कुणी नाही. तिला बोलणं सोपं होतं. दुकानदाराची बायको अक्काच्या दारात जाऊन ओरडली, "नाचवून मारलीस माझ्या सुनंला!" त्यानंतर अक्का नळावर आली की बायका अर्ध्या घागरी उचलून निघायच्या.

"कामून पळायलाव गं? मी काय चावायलेय व्हय?"



पुढच्या पंचमीला पुन्हा हात धरून फेर सुरू झाला. मी बाळंतीण, चावडीच्या ओट्यावर बसले होते. अक्का नवं इरकल नेसून आली आणि फेरात घ्या म्हणून हात पुढे करून उभी राहिली. फेर तिच्यापुढून फिरत राहिला. एकीनंही शेजारणीचा हात सोडला नाही. मग अक्का वाकली, बायकांच्या हातांखालून मध्ये शिरली आणि एकटी नाचू लागली. दुकानदाराच्या बायकोनं डोळे वटारले, तसं बायकांचं गाणं बंद पडलं. अक्काचे पाय थांबले नाहीत. गाण्यावाचून तिनं पुरता फेर घेतला, पदर सारखा केला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं तुरीवर मारायचा पंप पाठीला लावला आणि चावडीपुढची जागा औषधानं भिजवू लागला. अक्का आपल्या उंबऱ्यावर बसून बघत होती. मी तिला पाहिली ती शेवटची; पुढे तिच्या दाराला कुलूपच दिसलं.

"अण्णा," तिनं हाक मारली, "तिकडं लिंबाखाली राहिलं बघ. थितंबी नाचलेय मी."