विंथ्रोल हॉलमधली पाळत

हॅरिएट पॉबजॉयची उमेदीची सगळी वर्षं लेडी विंथ्रोलचे केस बांधण्यात गेली होती. म्हणूनच मेलबर्नची गडगंज विधवा मिसेस ट्रँटर लेकीला घेऊन इंग्लंडात विंथ्रोल हॉल या वाड्यावर मुक्कामाला आली, तेव्हा बाईसाहेबांनी हॅरिएटलाच तिच्या दिमतीला दिलं. दिमतीला म्हणजे पाळतीवर.

"मुलगी माझ्या एडगरला पसंत आहे, लोकरीचा पैसाही आहे. पण तिकडच्या लोकांचं काय सांगावं? बाप कोण, आजा कोण, बघून ठेव."

हॅरिएट मुळातच संशयी. ही बाई चहा बशीत ओतून प्यायची. जेवताना सरदार मंडळी तिला कांगारूंवरून डिवचायची, गालात हसायची आणि नंतर तिलाच एकटं गाठून मुलाच्या तिकडच्या नोकरीसाठी शब्द टाकायची. ती सगळ्यांना हो म्हणायची. का, ते हॅरिएटला उमगेना.

दूधघरामागच्या फाटकाची कडी गुडघ्यानं रेटल्याशिवाय निघत नसे. नवखा माणूस हटकून अडायचा. एके दुपारी मिसेस ट्रँटरनं झगा उचलला, गुडघा लावला आणि सरळ पलीकडे गेली.

संध्याकाळी केस विंचरता विंचरता हॅरिएटनं खडा टाकला. "मॅडम, तुम्ही पूर्वी इथं येऊन गेलाय."

"येऊन कसली? जन्मलेच इथं. बापानं हॉलच्या रानातलं हरीण मारलं, त्याला ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडलं. आम्ही मायलेकी मागाहून गेलो. जा, सांग तुझ्या बाईला."

हॅरिएट चरकली. आपलं लपवायचं कुणी असं हातात देतं? तरी खाल्ल्या मिठाला जागून तिनं सांगितलं.

लेडी विंथ्रोल यांनी दार लोटून घेतलं. "आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"फक्त मला."

"हरीणच ना? माणूस तर नाही मारला!"

दुसऱ्या दिवशी जेवताना एडगरचं लग्न जाहीर झालं आणि जेवणं आटोपताच बाईसाहेबांची माणकांची पिन चोरल्याचा आळ घेऊन हॅरिएटला काढून टाकलं. पिन बाईसाहेबांच्या गळ्याशीच होती. बोलणार कोण?

ती ट्रंक भरत होती, तेवढ्यात मिसेस ट्रँटर दारात आली.

"सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"बरं केलंस. ही मंडळी पैशासाठी काय काय गिळतात, तेच बघायचं होतं. लेकीला म्हटलं, बघ, तुझं सासर हे असं. तिनंच अंगठी परत केली. आम्ही निघालो. येतेस?"

"मी तर तुमची चहाडी केली. मग मीच का?"

"तोंडावर विचारलंस म्हणून."

हॅरिएटला ते पटलं नाही, पण बिनशिफारशीच्या बाईला इंग्लंडात कोण ठेवणार? ती त्यांच्याबरोबर गेली. मेंढ्यांच्या त्या अफाट मुलखात तिनं ट्रँटरांचं घर म्हातारपणापर्यंत सांभाळलं, मालकिणीच्या शेवटच्या आजारात उशाशी बसली. आपल्याला आणण्यामागे बाईचा काहीतरी डाव होता, असं मात्र ती शेवटपर्यंत म्हणायची.