दहा वर्षांचा हीरो आणि पारोळ्याच्या अक्का

“पोरगा आहे की पैलवान?” हीरोचा आवाज ऐकून डबिंग कंपनीच्या मॅडमनी मुंबईहून फोनवर विचारलं. काचेपलीकडे महेश हेडफोन लावून माझ्याकडे आशेने बघत होता.

जळगावात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. प्रचाराच्या जाहिराती, अहिराणी गाणी, दुकानांच्या अनाउन्समेंट, हेच रोजचं काम. त्यात एका जपानी कार्टून मालिकेचं, म्हणजे ॲनिमेचं, अहिराणी डबिंग आलं. मुंबईत बसून अहिराणी करू नका, आमची माणसं घ्या, हा हट्ट माझाच. मॅडमनीही स्वच्छ सांगून टाकलं होतं. संध्याकाळी पाचपर्यंत एक सीन पास झाला तर मालिका तुमची, नाही तर अहिराणीचा विषय बंद.

हीरो दहा वर्षांचा. राक्षस येतो, गाव पळतं, हा जखमी आईला सोडून हलत नाही. त्याच्यासाठी मी शिरपूरचा महेश घेतला. नाटकातला गडी, चेहरा कोवळा, आवाज मात्र भरदार. पिच चढवून बघितलं, म्हणजे मशीनवर आवाज बारीक केला, तर डबीत कोंडलेला डास बोलतोय असं वाटायला लागलं.

“मग खरा पोरगाच आणतो,” मी म्हणालो.

“मालिका तीन-चार वर्षं चालेल. मध्येच त्याचा आवाज फुटला तर? ओरिजनल आवाजांची यादी पाठवली होती, ती वाचलीत का?”

कसली वाचतोय! चेहरे बघून माणसं ठरवायची, हीच माझी पद्धत. फाईल उघडली. हीरोपुढे एका बाईचं नाव, फोटोत केस पिकलेले. वाटलं, ओळ खाली सरकली असेल. खाली बघतो तर राक्षसांच्या म्हातारीपुढे दाढीवाला बाप्या. माझं डोकंच चालेना. मॅडम म्हणाल्या, तिकडे ही जुनी रीत आहे, पोरांचे आवाज बऱ्याचदा बायकाच काढतात. बरं, मग म्हातारीचा बाप्या का, हे विचारेपर्यंत त्यांनी पाचची आठवण देऊन फोन ठेवला.

साडेतीन वाजलेले. स्टुडिओत बाई एकच, म्हातारीच्या रोलसाठी बोलावलेल्या पारोळ्याच्या सुमनअक्का. साठीच्या, लग्नात गाणी म्हणणाऱ्या. मी चाचरत विचारलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

“वांदरे बाईमाणूसले भ्यातस नही, भाऊ. मी धाकली व्हतू तवय पोरना आवाजमा आरोया मारू.”

शेताची राखण लहानपणी त्यांच्याकडे असायची. माकडं बाईच्या आवाजाला भीक घालत नाहीत, म्हणून त्या पोरासारख्या ओरडायच्या. एवढं साधं. आणि मी सकाळपासून मशीनची बटणं दाबत बसलेलो.

चप्पल बाहेर काढून अक्का माईकसमोर उभ्या राहिल्या. डबिंगमध्ये पात्राचे ओठ मिटतात तिथेच वाक्य संपावं लागतं. तीन टेक वाया गेले. कधी अक्का पुढे, कधी पडद्यावरचा पोरगा. चौथ्याला त्या स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, “मनी माय आठे शे. मी कसाले पळू?”

माझ्या अंगावर काटा आला. समोर नऊवारीतल्या अक्का, कानात ‘माझी आई इथे आहे, मी कशाला पळू’ म्हणणारं दहा वर्षांचं पोर. कोणाकडे बघावं कळेना.

पावणेपाचला मॅडमचा फोन आला. पास. अहिराणी राहिली. मला आनंदाने रडू येत होतं, पण महेशकडे बघवेना. आपण हीरो आहोत, असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं.

“एक रोल रिकामा झालाय,” मी म्हणालो.

“कोणाचा?”

“म्हातारीचा.”

त्याने हेडफोन काढून ठेवला. शेवटी अक्कांनीच त्याच्या हातात स्क्रिप्ट दिली. “ये भाऊ, मी शिकाडस तुले, म्हातारी कशी बोलस ते.”

म्हातारी फर्मास झाली. शिरपूरला मात्र महेश अजून फक्त ‘जपानी मालिकेत आहे’ एवढंच सांगतो. आणि मी आलेली फाईल आधी वाचतो, मग चेहरे बघतो.