रुमालाखालचा हात

गाडीवानांच्या गप्पा म्हणजे उतारावरची गाडी, सुटली की थांबते कुठे! त्यात महाडच्या शेठजींशी आमच्या युनियनच्या कराराचे किस्से निघाले, तर चुलीवरची भाकरी करपते. मागणी एकच होती: दिवेलागणीनंतर शेठजींचा माल घेऊन आंबेनळी घाटात गाडी घालणार नाय. आमचा पुढारी रघूदादा. रात्रीच्या उतारावर चाकाखाली दगड लावताना त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. तो हात कायम घोंगडीत असायचा.

*

बोलायचं एकट्या रघूदादाने. बाकीच्यांनी पेढीच्या अंगणात बसून नुसतं बघायचं. एखादी गोष्ट पटली नाय, तर मुंडासं काढून मांडीवर ठेवायचं. पहिल्याच दिवशी ऊन असं, की सखारामतात्यांनी घाम पुसायला मुंडासं काढलं. झालं! सगळ्यांनी पटापट काढली. शेठजी गडबडले.

"अहो, मी अजून नुसतं 'बसा' म्हणालोय!"

*

दुसऱ्या बैठकीला चहा आला. करार होईस्तोवर शेठजींचं काही घ्यायचं नाय, अशी आमची आण. आमच्यातल्या बाबूने मात्र कप रिकामा केला. सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले, की त्याला ठसकाच लागला. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या तांब्याभर दूध घेऊन पेढीवर हजर.

"शेठ, तुमचा चहा फिटला. आता भांडू या."

*

मग शेठजींनी धमकी दिली, वाईकडचे गाडीवान आणतो. ते खरंच आले. रघूदादाने त्यांना पोलादपुरात जेवू घातलं आणि विचारलं, रात्रीचे घाटात जाल काय? त्यांचा म्होरक्या हसला.

"आमाला काय बायकापोरं नाय?"

दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या गाड्या घेऊन परत गेले.

*

शेवटच्या दिवशी शेठजींनी रुमाल काढला. बाजारातली जुनी रीत ती. रुमालाखाली हात घालायचे, समोरच्याची जितकी बोटं धरली तितकी बोली, बघणाऱ्याला पत्ता नाय. रात्रीची अट सोडली तर भाडं वाढवतो, असं शेठजी म्हणाले आणि हात पुढे केला.

इतके दिवस सगळं उघड्यावर चाललेलं, आणि आता आमचा माणूस रुमालाखाली! तात्यांनी मुंडासं काढलं. मागोमाग आम्ही सगळ्यांनी.

रघूदादाने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाय. घोंगडीतला उजवा हात त्याने रुमालाखाली सारला.

शेठजी बोटं चाचपायला लागले. थांबले. पुन्हा चाचपली. मग हात काढून घेतला आणि बराच वेळ स्वतःच्याच हाताकडे बघत बसले.

"मुनीमजी, लिहा," ते म्हणाले. "दिवेलागणीनंतर घाटात गाडी नाही."

रघूदादाने घोंगडी सावरली. आम्ही मुंडाशी डोक्यावर चढवली.