कपाटाच्या दारावरचा खडू

रुग्णालयाच्या भांडारात गुनेल ऑस्टरब्लाडकडे काहीही मागा, ती यादीत न बघता सांगायची. रुंद पट्ट्या? चौथी मांडणी, खालून दुसरा खण. लहान मुलांच्या सुया? खिडकीखाली, आणि झाकण नीट लाव, मागच्या वेळी उघडं टाकून गेलीस. डॉक्टरसुद्धा तिच्यासमोर जरा जपूनच बोलत. फिनलंडच्या किनाऱ्यासमोरच्या आमच्या सात बेटांवरच्या दवाखान्यांना जे काही लागतं, ते तेहेतीस वर्षं तिच्या हातून गेलं, आणि एवढ्या काळात एकाही बेटावर कशाचीही वानवा पडली नाही. हे ती दर दोन दिवसांनी कोणाला तरी ऐकवायची. खरं होतं, म्हणून आम्ही ऐकून घ्यायचो.

वानवा पडू न देणं हा काही पोरखेळ नव्हता. फेब्रुवारीत समुद्र घट्ट गोठलेला असतो, त्यावरून गाडी जाते. मे महिन्यात बोट जाते. पण मधले आठ आठवडे बर्फ माणसाचं वजन पेलत नाही आणि बोटीला वाटही देत नाही. आम्ही त्यांना अधले आठवडे म्हणतो. त्या काळात सगळ्यात लांबच्या हालशेर बेटावर जे असेल त्यावर भागवायचं. गुनेल मूळची तिथलीच. तिचा थोरला भाऊ वेर्नर अजून तिथेच राहतो. मधुमेहामुळे त्याच्या पायाची जखम काही केल्या भरत नाही, दिवसाआड पट्टी बदलावी लागते. ती बदलते मायलिस, बेटावरची एकुलती एक नर्स आणि गुनेलची शाळेपासूनची मैत्रीण.

तर गुनेल काय करायची, फेब्रुवारीच्या शेवटी हालशेरचा दोन महिन्यांचा माल एकदम गाडीत भरून पाठवायची. माल भांडाराच्या दाराबाहेर पडला की कॉम्प्युटरवर ‘वापरला’ अशी नोंद करायची आणि मोकळं व्हायचं. बेटावर तो एका उंच कपाटात जायचा. कपाटाच्या दाराला आतून काळा रंग गुनेलनेच दिला होता, तिच्या आईच्या कोठीच्या दाराला होता तसाच. मायलिस एक वस्तू काढायची आणि दारावर खडूने एक रेघ ओढायची. पुढे पहिली बोट धक्क्याला लागली की हालशेरवर घरोघरी जे करतात तेच तीही करायची. कॉफी ठेवायच्या आधी दार साबणाने स्वच्छ धुऊन काढायची. हिवाळ्यातल्या रेघा उन्हाळ्यात न्यायच्या नाहीत, अशी तिथली रीत.

मग सगळ्या किनाऱ्याची खरेदी दूरच्या शहरातल्या एका कार्यालयाकडे गेली. काय आणि किती मागवायचं ते आता यंत्र ठरवू लागलं. भांडारात तीन माणसं होती, त्यांतलं एकच राहिलं. उरलेल्या गुनेलला खोकी उघडण्याचं काम राहिलं. तिने थोडे दिवस तोंड वाकडं केलं, मग स्वतःचीच समजूत घातली. कोणी विचारलं की सांगायची, “यंत्र कसलं डोंबलाचं? ते शिकलंय माझ्याच आकड्यांवरून.”

मेच्या पहिल्या सोमवारी त्या कार्यालयातून योआकिम वेस्टरग्रेन भांडारात आला. पस्तिशीचा, बोलायला मऊ, येताना वेलदोड्याचे पाव घेऊन आलेला. अशा माणसावर रागावणं अवघड, आणि गुनेलला ते आवडलं नाही. त्याने आधी तिचं कौतुक केलं. सगळ्या किनाऱ्यावर इतक्या नीटनेटक्या नोंदी दुसऱ्या कोणाच्या नाहीत, म्हणाला. गुनेलने दुसरा पाव घेतला. मग त्याने पडद्यावर एक आलेख लावला. दहा वर्षांतला हालशेरचा वापर. फेब्रुवारीत उंचच उंच सुळका, आणि त्यानंतर आठ आठवडे जमिनीला टेकलेली सपाट रेघ.

“फेब्रुवारीत तापाची साथ येत असणार,” योआकिम म्हणाला. “नंतर कोणी दवाखान्यात फिरकतच नाही. अधल्या आठवड्यांत लोक इकडे किनाऱ्यावर येऊन राहतात ना?”

गुनेल आधी हसली. खरंच हसली, पावाचा तुकडा घशात अडकेपर्यंत. हालशेरची माणसं, आणि घर सोडून येतील! पण तो हसत नव्हता. त्याने पुढचं पान लावलं. गुरुवारी आरोग्य मंडळाची बैठक होती. पुढच्या वर्षीपासून त्या आठ आठवड्यांत हालशेरचा दवाखाना बंद ठेवायचा आणि नर्सला इकडे मोठ्या रुग्णालयात कामाला लावायचं, असा यंत्राच्या आकड्यांवरून केलेला प्रस्ताव होता. एकदा ठरलं की दोन वर्षं त्यात बदल नाही.

गुनेलने त्याला आलेख परत लावायला सांगितला. ती त्या सपाट रेघेकडे बघत राहिली. दर वर्षी, दर एप्रिलला ती रेघ सपाट होती, कारण तिने ती सपाट केली होती. बेटाला कधी काही कमी पडू नये म्हणून तिने जे केलं, त्यातूनच यंत्र शिकलं होतं की बेटाला काही लागतच नाही. ज्या आठवड्यांत तिथून कोणाला बाहेर पडता येत नाही, नेमक्या त्याच आठवड्यांत नर्स नसणार होती.

तिने त्याला सगळं सांगितलं. गाडी, कपाट, खडू, काहीही लपवलं नाही. योआकिमचाही चेहरा उतरला. त्याने दोनदा विचारलं, म्हणजे माल त्या वेळी वापरला जातो, फक्त लिहिला जात नाही? मग रुग्णांच्या नोंदी? त्या वेगळ्या खात्यात कायद्याने कुलूपबंद असतात, मोजायला परवानगी मिळेपर्यंत शरद ऋतू उजाडतो, हे त्याचं त्यालाच आठवलं.

“माझा तुमच्यावर विश्वास आहे, गुनेल,” तो म्हणाला. “पण मंडळ मला पुरावा मागेल. या एका वसंतातला असला तरी चालेल. त्या दाराचा फोटो मिळेल?”

दार! गुनेल उठली ती खुर्ची पाडूनच. त्या दारावर आठ आठवड्यांची रेघ न् रेघ होती, वेर्नरच्या एकेका पट्टीची. तिने मायलिसला फोन लावला आणि आवाज योआकिमलाही ऐकू येईल असा ठेवला.

“अगं बाई, तुझीच आठवण काढत होतो,” मायलिस म्हणाली. “वेर्नर इथेच बसलाय, पट्टी झाली आत्ताच. कॉफी पितोय आणि माझ्या पावांना नावं ठेवतोय.”

“मायलिस, कपाटाचं दार. त्याचा फोटो काढ. आत्ता, लगेच.”

“कशाला? चकाचक आहे. सकाळी नऊला बोट आली. धुतलं की मी, दोनदा, साबण लावून.”

गुनेलने पाडलेली खुर्ची उचलून सरळ केली. योआकिमने मान खाली घातली आणि हळूच पडद्यावरचा आलेख बंद केला, जणू त्यालाच ते बघवत नव्हतं.

“काय झालं?” मायलिसने विचारलं. “फोटो कशाला हवा होता?”

“पुढच्या वसंतात तू तिथे नसशील,” गुनेल म्हणाली. “ते तुला इकडे आणतायत. दवाखाना बंद. आणि हे मी केलंय, मायलिस. माझ्या हाताने केलंय.”

मागे वेर्नर कशावर तरी हसत होता. मायलिसने त्याला गप्प केलं असावं, कारण ते हसणं मध्येच तुटलं. मग ती अगदी साध्या आवाजात बोलली, भांडारात फोन करून एखादी वस्तू मागावी तशी.

“मग त्याच्या पायाचं कोण बघणार, गुनेल?”

चार मांडण्यांसमोर गुनेल उभी होती. सवयीने तिची नजर चौथ्या मांडणीच्या खालून दुसऱ्या खणावर, रुंद पट्ट्यांवर गेली.